लखनौमध्ये तक्रार शोधताना

प्रबंध द्यायची मुदत संपायला महिना उरला, तेव्हा मी नाशिकरोडहून लखनौची गाडी पकडली. माझा विषय असा: सोसायटीतल्या तक्रारी गोळा करायची कोणती पद्धत बरी? नाशिकची माहिती तयार होती. तुलनेला दुसरं शहर मिळालं नाही तर बेचाळिसाव्या वर्षी माझी पीएचडी बुडणार होती.

मुक्काम गोमती नगरला, मावसबहीण वृंदाताईकडे. स्टेशनवरून कॅबच घ्या. ई-रिक्षा स्वस्त पडते, पण मांडीवर बॅग आणि गुडघे हनुवटीला.

पहिल्या दिवशी प्रश्नावली. तिच्या सोसायटीचे वयस्कर सेक्रेटरी श्रीवास्तवजी (नाव बदललंय) चाळीस फॉर्म वाटायला घेऊन गेले आणि संध्याकाळी भरून घेऊन आले. एकच अक्षर, एकच शाई, चाळीस वेळा ‘कोई शिकायत नहीं’.

“सबकी तरफ़ से हमने भर दिए. आप मेहमान हैं, कहाँ घर-घर भटकतीं?”

मला रडूच यायचं बाकी होतं.

दुसऱ्या दिवशी खस्ता-जलेबी हाणून मुलाखतींना निघाले. सात घरं, सात चहा, आणि मुलाखत माझीच: नवरा काय करतो, मुलं किती. गटचर्चेत तर कहर झाला.

“हमें रत्ती भर शिकायत नहीं,” एक काकू म्हणाल्या.

“रत्ती भर? हमें तो उतनी भी नहीं!” दुसऱ्या कडाडल्या. जास्त समाधानी कोण, यावरून दोघींचं बोलणं बंद झालं.

“अगं, पाहुण्यासमोर इथे कुणी घरचं उणं काढत नाही,” वृंदाताई सब्जी चिरत म्हणाली.

“हे आधी सांगायचंस ना!”

“तू विचारलंस कुठे, यार?”

तिसऱ्या दिवशी निरीक्षण. पाण्याच्या टाकीजवळ वही घेऊन गुपचूप बसले. दहा मिनिटांत खुर्ची आली, मग उशी, मग वॉचमन छत्री धरून उभा राहिला. सगळी सोसायटी माझं निरीक्षण करत होती.

निघायच्या दिवशी वीज गेली आणि लिफ्ट अडकली. आत मी आणि श्रीवास्तवजी. “बस दो मिनट, सब बढ़िया है,” ते म्हणाले. पाऊण तास गेला. विसाव्या मिनिटाला ते मन मोकळं करायला लागले, आणि शेवटी रडले. दार उघडलं तेव्हा डोळे पुसत म्हणाले, “ये सब लिखिएगा मत, बेटा.”

“नहीं लिखूँगी, अंकल.” म्हणून इथेही लिहीत नाही.

नाशिकला परतल्यावर माझे गाईड सर चाळीस फॉर्म पाहून खूश झाले. ते एकाच माणसाने भरलेत हे सांगितलं, तेव्हा त्यांनी मुदतवाढीचा अर्ज पुढे सरकवला. ‘विलंबाचे कारण’ या रकान्यात मी लिहिलं: खरी माहिती मिळाली, पण ती कुणाला सांगणार नाही असा शब्द दिला आहे.