धुळाजीनं आवाज सोडला

केदारखेड्याच्या धुळाजीनं मेंढरावर हाळी दिली की शेजारच्या शिवारातली गुरं बी माना वर करायची. मेंढरावर वरडायचा, कुत्र्यावर वरडायचा, घोडीवर वरडायचा, आन् सगळ्यात जास्ती बायकोवर, गोपिकाबाईवर. लोक म्हणायचे, लई तापट माणूस. तापट बिपट काही न्हाई. त्या माणसाला भ्याव वाटायचं. कोकरू खोकलं, भ्याव. लांडग्याचा माग दिसला, भ्याव. गोपिकाबाई पाण्याला गेली आन् यायला येळ लागला, भ्याव. आन् पोटात भ्याव उठलं की वरती तोंड सुटायचं. हे त्याला सोताला ठावं नव्हतं, मंग लोकायला कुठून असणार?

गोपिकाबाईनं तीस वर्सं ऐकून घेतलं. यंदा सुगी झाल्यावर एका रानात लेंडीखतासाठी मेंढरं बसवल्ती. तिथं एका कोकराला सापानं डसलं. धुळाजी शेतवाल्याच्या घरादारासमोर तिच्यावर तुटून पडला, "तुह्या डोळ्यासमोर मेलं! आंधळी हायेस का?"

तिनं उठून दोन लुगडी पिशवीत कोंबली.

"मनीषाकडं चालले मंठ्याला. पोटची पोर हाय, ठिवून घेती."

"आन् मेंढरं?"

"तुमची हायेत."

धुळाजीनं हातातली भाकर खाली ठिवली. त्यानं कमरंची भंडाऱ्याची पिशवी सोडली, चिमूट कपाळाला लावली. "बिरोबाची आण. आजपून माह्या तोंडातून वरडा निघणार न्हाई."

गोपिकाबाईनं पिशवीची गाठ मारली. "शहागडच्या फाट्यापस्तोर बघते. तिथं जालन्याची यष्टी थांबती." आन् तिनं आपली पिशवी घोडीवर बांधली, पण बाकीच्या बिऱ्हाडात न्हाई. येगळी.

शहागड आठ दिवसाच्या वाटंवर व्हतं.

धुळाजीनं गालात अख्खी सुपारी धरली. वरडा आला की सुपारी चावायची. पयल्या दिवशी तीन सुपाऱ्या संपल्या, दुसऱ्या दिवशी दाढ हालली. "पाणी देती का गं" असं हळू म्हणाला तर बाईनं त्याच्या कपाळाला हात लावून पाह्यला, ताप हाय का म्हणून.

पण भंडारा उचलून माणूस जे बोलला ते बोलला. त्यात बायकोपुरतं, मेंढरापुरतं असं काही नसतं. म्हणून मेंढरालाबी तो पाव्हण्यावाणी "या गं, इकडं या" करायचा. मेंढरायनं हा आवाज कधी ऐकलाच नव्हता. ती सरळ लोकायच्या कपाशीत घुसायची. कुत्रं त्याच्या तोंडाकडं बघत बसायचं. आन् सगळ्यात वाईट म्हंजे, जे भ्याव पयले तोंडावाटं निघून जायचं ते आता पोटातच बसून राह्यलं. भाकर जाईना, झोप येईना. घोडीवरली ती येगळी पिशवी दिवसातून शंभरदा बघायचा.

आठव्या दिवशी, दहाच्या सुमाराला, शहागडचा हायवे आला. पल्याड काकासाहेबाचं रान व्हतं, तिथं मेंढरं बसवायची व्हती. मधी चार पदरी रस्ता आन् ट्रकच ट्रक. फाट्यावर गयासोद्दीनचं पंक्चरचं दुकान. तो दर साली लाल फडकं घेऊन रस्त्यात उभा राह्यचा.

"धुळाजीभाई, मैं गाड्यां रोकता. तुम आवाज मारो, जल्दी!"

ट्रक थांबले. धुळाजी फुडं झाला. "या गं... चला गं..." वीस-पंचवीस मेंढरं डिवायडरपस्तोर आली आन् तिथलं हिरवं गवत बघून थांबली. बाकीची रस्त्यातच. हारन सुरू झाले.

"क्या हुआ रे? जबान बेच डाली क्या?" गयासोद्दीन वरडला. "दो मिनट से जास्ती न्हाई रुकते ये लोगां!"

मागून गोपिकाबाई म्हणाली, "अवं, वरडा की!"

"आण हाय!"

"माह्यावरल्या वरडण्यापायी मी चालले व्हते! मेंढराचं कोण म्हणलं?"

"भंडारा उचलून मी तसं न्हाई बोललो!"

तिनं कपाळावर हात मारला. पल्याडच्या पदरावर एक टँकर येऊन राह्यला व्हता, थांबायचं नाव न्हाई. धुळाजीनं सुपारी चावली. कटकन् फुटली. तो मेंढरं सोडून मागं पळत आला, तिच्या फुड्यात उभा राह्यला. तोंड राखेवाणी झाल्तं.

"गोपे," एकदम बारीक आवाजात म्हणाला, "मला लई भ्याव वाटून राह्यलंय."

तीस वर्सात तिनं हे पयल्यांदा ऐकलं.

तिनं पदर खोचला, डिवायडरवर चढली आन् हाळी दिली. बराबर त्याचीच हाळी, शिव्यासगट. "चला गं ए भवान्यांनो, मढी बशिवली तुमची!" आवाज मधीच फाटला. पण मेंढरायनं कान टवकारले आन् पाण्याच्या लोंढ्यावाणी निघाली. टँकरवाल्यानं करकचून बिरेक मारला. गयासोद्दीनचं फडकं हातातच राह्यलं.

"वा भाभी!"

शेवटचं लंगडं कोकरू काखंत धरून, घोडीला वढत धुळाजी पल्याड आला.  फाट्यावर जालन्याची यष्टी उभी व्हती, कंडक्टर "जालना, जालना" करून राह्यलेला.

धुळाजीनं सोताच्या हातानं घोडीवरली पिशवी सोडली आन् तिच्याफुडं धरली.

"यष्टी आलीय. तू जाशीन म्हणून भ्याव वाटतंय. पण वरडणार न्हाई मी."

कोणी त्याला आता बायकोचा बैल म्हणो. म्हणणाऱ्यानं आधी हे येवढं एक वाक्य आपल्या बायकोला बोलून दाखवावं.

गोपिकाबाईनं पिशवी घेतली. यष्टीकडं पाह्यलं. घसा खाकरला, आवाज निघंना. मंग पिशवी परत घोडीवर बांधली. येगळीच.

"फुडच्या फाट्यापस्तोर बघते," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "भ्याव वाटलं की अस्संच सांगत जा. आन् उभे काय राह्यलात, मेंढरं मोजा."

धुळाजीनं मोजली. ब्याऐंशी. बराबर व्हती. त्यानं पुन्हा मोजली. यष्टी निघाली, पार दिसंनाशी झाली, तरी तो मोजतच व्हता.