हातावरचा नंबर

औंधच्या वाचनालयाच्या बाहेरच्या खोलीत बाजारच्या दिवशी आम्ही एक टेबल मांडत असू. सांगलीकडच्या एका संस्थेने गरीब म्हाताऱ्या माणसांच्या मोबाइलचं वर्षभराचं रिचार्ज भरून द्यायचं ठरवलं होतं. वय पासष्टच्या पुढे, पिवळं रेशनकार्ड किंवा निराधारचं अनुदान आणि स्वतःचा चालू नंबर, एवढ्याच अटी होत्या. अर्ज भरायला संस्थेला गावोगाव माणसं हवी होती. मी नुकताच बातमीदारीतून निवृत्त होऊन गावी आलो होतो, म्हणून मला विचारलं गेलं आणि मी हो म्हटलं.

अर्ज भरल्यावर त्यावरचा नंबर आपल्या फोनवरून लावायचा आणि समोरच्याच्या हातातला फोन वाजतो का ते पाहायचं, असा नियम होता. पुष्कळांचे फोन वाजत नसत. लोक ते खिशातून, कमरेच्या पिशवीतून, एखाद्या वेळी रुमालाच्या तीन घड्यांतून काढत. पडद्यावर उजेड असे, घड्याळ चालू असे, पण नंबर कधीचा बंद झालेला असे. कारण जवळपास सगळ्यांचं एकच. बोलायला पैसे पडतात, ऐकायला पडत नाहीत, असं ते धरून चालले होते. पूर्वी ते खरंही होतं. एकदा कार्ड घेतलं की येणारा फोन फुकट. आता रिचार्ज नसेल तर नंबरच बंद होतो, असा नियम बदलल्याचे संदेश आले ते इंग्रजीत, आणि वाचता येत नसणाऱ्या माणसांना.

दसऱ्याच्या आधीच्या बाजारी मेंढपाळांच्या वस्तीवरची एक बाई आली. वय सत्तरीच्या आसपास. तिची मेंढरं विकून झाली होती आणि ती आता लोकांच्या रानात तण काढायला, भांगलायला जात होती. अर्जात पतीचं नाव लिहून झाल्यावर मी रीतीप्रमाणे विचारलं, हयात आहेत का.

"ते बघायलाच फोन ठेवलाय, दादा," ती म्हणाली.

तिने सांगितलं ते असं. नवऱ्याला पाच-सहा वर्षांपासून विसर पडायला लागला होता. आधी माणसांची नावं गेली, मग दिवस. मेंढरं विकल्याचं तर त्याच्या ध्यानात कधी राहिलंच नाही. या भागातले कळप दिवाळी झाली की कऱ्हाड, कोयनानगर करत कुंभार्ली घाटाने कोकणात उतरतात. दिवाळी झाली की हाही काठी घेऊन निघायचा, मागे एकही मेंढरू नसताना. पहिल्या वर्षी तो उंब्रजजवळ ओळखीच्या मेंढक्यांना दिसला. त्यांनी त्याला परत आणून सोडलं.

त्याच पौषात यमाईच्या जत्रेत तिने त्याला गोंदणाऱ्यापुढे बसवलं. उजव्या हाताच्या आतल्या बाजूला मनगटापासून कोपरापर्यंत घरच्या मोबाइलचा नंबर गोंदून घेतला, दहाच्या दहा आकडे.

"त्यो गोंदणारा म्हनला, आजवर देव गोंदलं, बदाम गोंदलं, बायकांची नावं गोंदली. ह्ये पयल्यांदाच. म्हनला, आजी, तुमचं नाव टाकू का संगं? मी म्हनलं, माझं नाव घिऊन लोक काय करत्याल? माझ्या नावानं काय बेल वाजती व्हय?"

"आणि ते काय म्हणाले?"

"आमचं मालक? ते म्हनलं, मेंढराला खूण करत्यात तशी करा. वरडलं सुदिक न्हाईत."

दुसऱ्या दिवाळीनंतर तो पुन्हा गेला आणि बाराव्या दिवशी फोन वाजला. कोयनानगरच्या वसाहतीतली एक बाई बोलत होती. म्हातारा पायरीवर बसला होता, नाव सांगत नव्हता, पाणी प्यायला बाही वर केली तेव्हा आकडे दिसले. ही एसटीने तिकडे गेली आणि त्याला घेऊन आली. तेव्हापासून तो नंबर म्हणजे तिचा सगळा भरवसा होता. गेल्या दिवाळीनंतर तो तिसऱ्यांदा गेला. आता अकरा महिने होत आले होते. फोन ती दर दोन दिवसांनी वाण्याच्या दुकानात चार्जिंगला लावत होती, कामावर जाताना कमरेला बांधत होती आणि निजताना कानापाशी ठेवत होती.

"ह्यात पैसे कधी भरले होते?" मी विचारलं.

"मी कशाला भरू? मी कुनाला फोनच करत न्हाई."

"मग आधी कोण भरायचं?"

तिला आठवायला वेळ लागला. "तेच. मालक बाजारच्या दिशी मोबाइलच्या दुकानापाशी जाऊन हुबं ऱ्हायाचं. नाव इसारलं, गाव इसारलं, पर त्ये दुकान न्हाई इसारलं. दुकानदार वळखायचा, त्योच काय ते करायचा."

मी नंबर लावला. टेबलावरचा तिचा फोन गप्प राहिला. माझ्या फोनमध्ये मात्र बेल जात होती. मग एका पुरुषाने उचलला आणि पाठीमागे ट्रॅक्टरचा आवाज आला.

तो इस्लामपूरजवळचा ऊसवाहतूकदार होता. नंबर आपण अडीच महिन्यांपूर्वी दुकानातून नवा घेतला, असं म्हणाला. मी काय झालं आहे ते थोडक्यात सांगितलं. मागचा ट्रॅक्टरचा आवाज बंद झाला. मग म्हणाला, "आवं, थांबा. म्हाताऱ्याचा फोन आल्ता की."

श्रावणात त्याला एका अनोळखी नंबरवरून फोन आला होता. तुमचा माणूस आमच्याकडे बसलाय, हातावर तुमचा नंबर आहे, घेऊन जा. त्याच्या घरातली सगळी माणसं घरातच होती. आपला माणूस अडकलाय, पैसे पाठवा, अशा फोनांनी त्याच्या मावसभावाला त्याच वर्षी फसवलं होतं. त्याने फोन कापला. पुन्हा आला तेव्हा शिव्या दिल्या, तिसऱ्यांदा आला तेव्हा नंबर ब्लॉक केला.

"मला काय ठावं, साहेब," तो म्हणाला. "हातावर नंबर कुनी लिवतं का?"

बाई माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी तिला सांगितलं. तिने तिचा फोन उचलून उजेड पाडला, पडदा पाहिला आणि मला दाखवला. "चालू हाय की ओ," ती म्हणाली.

ब्लॉक केलेला नंबर त्या माणसाच्या फोनमध्ये होता. त्याने तो पाठवला. मी तिथल्या तिथे लावला. चिपळूणच्या अलीकडच्या एका फाट्यावर चहाची टपरी चालवणारा माणूस होता. त्याला सगळं आठवत होतं. म्हातारा चार दिवस समोरच्या शेडखाली बसला होता. देईल ते खायचा. तीन फोन करून झाल्यावर टपरीवाल्याने नाद सोडला होता. पाचव्या दिवशी सकाळी टपरी उघडली तेव्हा शेड रिकामी होती.

"तुमच्याच माणसाने घाण शिव्या दिल्या," तो म्हणाला. "मी काय करणार होतो?"

दुसऱ्या दिवशी मी आणि ती एसटीने तिकडे गेलो. कोयनानगर गेल्यावर ती खिडकीतून डाव्या अंगाची रानं दाखवत राहिली. हितं मुक्काम, हितं पाणी, हितं एका वर्साला दोन कोकरं वाघरानं नेली. टपरीवाल्याने शेड दाखवली. ती तिथे थोडा वेळ बसली. आम्ही दोन दिवस त्या रस्त्यावरची दुकानं, पोलीस ठाणं, सरकारी दवाखाना आणि स्टँड पाहिला. श्रावणातला म्हातारा एक-दोघांना आठवत होता. तो कोणत्या दिशेने गेला यावर त्या दोघांचंही एकमत नव्हतं. त्याआधीच्या महिन्यांत आणखी किती जणांनी त्याची बाही वर करून तो नंबर फिरवला असेल आणि सेवा बंद असल्याचं ऐकून फोन ठेवला असेल, ते कळायला मार्ग नव्हता.

परत आल्यावर मी पोलिसांतल्या बेपत्ताच्या नोंदीत माझा नंबर घालायला लावला. तिथेही तोवर तोच जुना होता.

संस्थेचा अर्ज अजून अर्धाच होता. चालू नंबर नसल्यामुळे तो नियमात बसत नव्हता, पण संस्थेच्या बाईंनी सवलत दिली. नवं कार्ड घ्यायचं, त्यावर वर्षाचं रिचार्ज संस्था भरणार. मी वस्तीवर जाऊन तसं सांगितलं.

"नवा नंबर घिऊन काय करू?" ती म्हणाली. "त्यो कुनाच्या हातावर हाय?"

जुनाच नंबर परत मिळावा म्हणून मी साताऱ्याला कंपनीच्या दुकानात गेलो. ज्याच्या नावावर आहे त्याने सोडल्याशिवाय काही होत नाही, आणि सोडला तरी तो तुम्हालाच मिळेल असं नाही, असं काउंटरवरच्या मुलीने सांगितलं. ज्याच्या नावावर आहे त्याने तो तुमच्या नावावर करून दिला तर होईल, हेही सांगितलं. मी इस्लामपूरला फोन केला. तो भला माणूस होता, पण कारखान्याकडे, बँकेकडे, ऊसतोडीच्या टोळ्यांकडे आता तोच नंबर होता आणि हंगाम तोंडावर आलेला होता. हंगाम उरकला की बघू, असं म्हणाला. बाईने माझा फोन हातात घेतला आणि त्याच्याशी बोलली.

"भाऊ, फोन ठिवा तुमच्यापाशीच. फकस्त कुनी म्हाताऱ्याचं इचारलं तर कापू नगा."

"न्हाई कापत, मावशी. आता कुनाचाच कापत न्हाई. परवा एक लोनवाली पोरगी अर्धा तास बोलली, तिचाबी न्हाई कापला."

ती हसली. त्या सगळ्या दिवसांत मी तिला तेवढंच हसताना पाहिलं.

त्याने शब्द पाळला. हंगामभर मी महिन्यातून एकदा त्याला फोन करत होतो. तो उचलायचा आणि मी विचारायच्या आधीच "न्हाई, साहेब" म्हणायचा. बाईने शेवटी नवं कार्ड घेतलं होतं, कारण तिला निरोप द्यायला मला वस्तीवर चालत जावं लागतं हे तिला बरं वाटत नव्हतं. संस्थेचं रिचार्ज नियमाने जमा होत होतं. त्या नंबरवर माझ्याखेरीज कोणी फोन करत नव्हतं.

हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडल्यावर मी एप्रिलमध्ये आणि मेमध्ये फोन केला. बेल गेली, उचलला गेला नाही. जूनमध्ये लावला तेव्हा या क्रमांकाची सेवा तात्पुरती बंद असल्याचं ध्वनिमुद्रित वाक्य मराठीत आणि मग इंग्रजीत ऐकू आलं. मी इस्लामपूरला गेलो. कारखान्याच्या गेटवर चौकशी केल्यावर एका ड्रायव्हरने सांगितलं की त्याने ट्रॅक्टर विकला आणि तो पुण्याकडे कुठे तरी लागला. हंगामाचं कार्ड हंगामापुरतं, असं तो ड्रायव्हर म्हणाला. इथे बरेच जण दोन कार्डं ठेवतात, हंगाम संपला की एकात पैसे भरत नाहीत. मी त्याला त्या माणसाचा दुसरा नंबर मागितला. त्याच्याकडे नव्हता.

बाजारच्या दिवशी ती टेबलाशी आली तेव्हा मी तिला हे सांगितलं.

"म्हंजी आता त्यो नंबर कुनाचा?"

"सध्या कुणाचाच नाही."

"मग पुन्यांदा कुनाला तरी देत्याल."

"देतील."

"कवा?"

"सहा महिन्यांनी. कदाचित आधी."

तिने मान हलवली. दिवाळीला तेव्हा पाच महिने होते. त्या वेळेला कळप पुन्हा घाटाकडे निघणार होते आणि मेंढक्यांना सांगून ठेवायचं ती म्हणाली. गेल्या वर्षीही सांगितलं होतं.

रिचार्ज पुढच्या वर्षी चालू ठेवायचं का ते ठरवायला संस्थेने प्रत्येकाकडून एक कागद भरून मागितला होता. मी तो पुढे घेतला. त्यात एक प्रश्न होता, या सुविधेमुळे आपल्या माणसांशी संपर्क राहिला का. तो मी तिला वाचून दाखवला.

"काय लिवायचं असतंया?"

"खरं असेल ते."

तिने मागे वळून पाहिलं. रांगेत तिच्या मागे आणखी चार जण उभे होते, दोघांच्या हातात रुमालात गुंडाळलेले फोन होते.

"न्हाई लिवलं तर बंद करत्याल का समद्यांचं?"

"सांगता येत नाही."

"मग व्हय लिवा," ती म्हणाली आणि अंगठ्यासाठी शाईचा डबा जवळ ओढला.

मी तसं लिहिलं.