सर्वानुमते नव्हे

आमच्या बोरगाव मेघेच्या कॉलनीत बारसं असो की तेरवी, कोरमकाका दारात चप्पल काढता काढता आधी माणसं मोजत. समुद्रपूरच्या एका कार्यालयात सभांची इतिवृत्तं लिहिण्यात त्यांची उभी नोकरी गेली होती. निवृत्त होऊन ते आमच्याकडे राहायला आले आणि महिन्याभरात त्यांचं खरं नाव फक्त टपालापुरतं उरलं.

कॉलनीच्या सभेला गणपूर्ती लागे वीस सभासदांची. जमत सातच. मग सभा अर्धा तास तहकूब करायची आणि नंतर त्याच सातांनी चहा पिऊन सगळं मंजूर करायचं, हा आमचा शिरस्ता. नियमातही ते बसायचं. काकांना मात्र ते बघवत नसे. त्या अर्ध्या तासात ते सायकल काढून गल्लोगल्ली घंटी वाजवत हिंडत. "चला, कोरम नाई! घरी बसून नावं ठेवता, थे तिथं येऊन ठेवा!" लोक वैतागत, पण शर्टाची बटणं लावत येत. माझी आई तर एकदा तव्यावरची पोळी तशीच टाकून गेली होती. ती पोळी मी खाल्ली, म्हणून मला चांगलं आठवतं.

आई कॉलनीच्या हॉलमध्ये बालवाडी चालवायची. बाबा गेल्यावर सभासद म्हणून तीच सभेला जाई, पण मागच्या रांगेत बसून एक शब्द बोलत नसे. एका सभेत हॉल शिकवणीच्या क्लासला देण्याचा ठराव आला. दहावीची मुलं घरोघरी होती, त्यामुळे भराभर हात वर झाले. अध्यक्षांनी "विरोधात?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पुढचा विषय घेतला. तेवढ्यात आईचा हात खांद्यापर्यंत वर गेला होता. घरी येऊन ती रडली. तिथं बोलली का नाहीस म्हणून मीही तिच्यावरच चिडले.

पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त वाचलं गेलं. हा विषय म्हणजे सगळ्यांची डुलकी काढायची वेळ. "ठराव सर्वानुमते मंजूर," सचिवांनी वाचलं आणि काका उभे राहिले.

"दुरुस्ती हाय. सर्वानुमते नाई. एक हात विरोधात होता, म्या पाह्यला."

"काका, एका हातानं काय फरक पडते?" सचिव हसले.

"सर्व म्हंजे सर्व. एक बी कमी असन तं बहुमतानं लिवा."

अध्यक्षांनी आईकडे पाहिलं. "बाई, हात वर केलता का तुम्ही?"

आई उभी राहिली. "हो. सतरा लेकरं येतात माझ्याकडं. ते तिथं असतात म्हणून त्यांच्या माया कामाले जातात. हॉल गेला तं ते कुठं जातीन?"

"मंग हे तवाच काऊन नाई सांगितलं?" कोणीतरी विचारलं.

"कोनी थांबलंच नाई," आई म्हणाली.

काकांनी फेरविचाराची सूचना मांडली. सचिव म्हणाले, ती बाईंनी मांडावी, तुम्ही कशाला? काकांनी मान हलवली. "ज्यानं ठरावाले हो म्हटलं, त्यानंच फेरविचार मागाचा असते. हरलेला मागन तं सभा कधी सपनच नाई. म्या हो म्हटलं होतं, म्हनून मी मागतो."

पुन्हा हात मोजले. ठरावाच्या बाजूने तेरा, विरोधात चौदा. बालवाडी राहिली.

सभा संपल्यावर आई डोळे पुसत त्यांच्याजवळ गेली. काका चष्मा पुसत होते. "माहे आभार काऊन मानता, बाई? मी तं आत्ता बी तुमच्या विरोधातच हात वर केला. माह्या नातीले क्लास पाह्यजे होता." आणि सायकल ढकलत ते घरी गेले.

मागच्या वर्षी काका गेले. आई आता थकली आहे, बालवाडी दुसऱ्या बाई सांभाळतात. पण कॉलनीत कोणी नवं राहायला आलं की आई त्यांना हॉलपर्यंत घेऊन जाते, आतला लेकरांचा गलका ऐकवते आणि मान ताठ करून सांगते, "हे आमच्या विरोधात मत देनाऱ्या मानसानं वाचवलं."