गणितात चाळीस, बाटलीत बावीस

व्हर्ना कास्टेलिकने लेडव्हिलच्या खाणीत पंचवीस वर्षं दगडांची पारख केली. दगड दळायचा, आम्लात विरघळवायचा, आत धातू किती ते सांगायचं. तिच्या आकड्याला बोट लावायची मुकादमाचीही छाती नव्हती. निवृत्त झाल्यावर ती घरी बिअर बनवू लागली आणि तिसऱ्या वर्षी डेन्व्हरच्या बिअर-क्लबच्या स्पर्धेत बाटल्या पाठवल्या.

परीक्षक ड्वाइट पर्सेलचा शेरा आला: "मिळमिळीत. बाईंनी आधी हॉपचा हिशेब शिकावा."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बिअरला कडूपणा देणारी हॉपची फुलं ती सोनाराच्या नेमकेपणाने तोलायची. तासभर उकळल्यावर त्यांतला कडूपणा किती उतरतो, याचं कोष्टक क्लबनेच छापलेलं. त्याप्रमाणे कडूपणाचा आकडा चाळीस यायला हवा होता.

गावच्या कॉलेजची प्रयोगशाळा टेरेसा सांभाळायची. तिला काम व्हर्नानेच शिकवलेलं. तिच्या यंत्रावर बाटली तपासली. बावीस!

"मावशी, फुलं शिळी असतील."

"शिळी असेल त्या ड्वाइटची अक्कल! पाकीट त्याच सकाळी फोडलंय."

घरी आली तर कुकरची रिंग फाटलेली. चरफडत तिने राजमा उघड्या पातेल्यात टाकला. तीन तास रटरटला, तरी दाताखाली कचकच. डाव हातात तसाच राहिला. दहा हजार फुटांवरचं गाव, इथे पाणी नव्वद अंशांवरच उकळतं. राजमा शिजत नाही तिथे कडूपणा काय कपाळ उतरणार? कोष्टक तर शंभर अंशांचं!

आधी तिला स्वतःचाच राग आला, उभा जन्म इथे काढून हे सुचलं नाही म्हणून. मग पुढच्याच घाण्यात हॉप जवळजवळ दुप्पट टाकले. तयार बिअर टेरेसाने मोजली, एकोणचाळीस भरली. दोन्ही आकडे घेऊन व्हर्ना क्लबच्या बैठकीत जाऊन उभी राहिली.

"हे पाहा बाई," ड्वाइट हसत म्हणाला, "आमचं कोष्टक देशभर चालतं."

"देश काय पोळपाटासारखा सपाट आहे?"

"तुमचं यंत्र बिघडलं असेल."

"यंत्र ठीक आहे. कधी पाणी उकळून त्यात थर्मामीटर घातलायस? का नुसतंच तोंड घातलंस?"

सभा खो खो हसली. ड्वाइट लाल झाला. "एवढा घाट उतरून भांडायला आलात, तेवढं पुरे," एवढंच पुटपुटला.

महिन्याने क्लबचं पत्रक आलं. 'उंचावरच्या मंडळींनी हॉप वाढवावेत, असं माझ्या ध्यानात आलं आहे.' खाली ड्वाइटची सही. व्हर्नाचं नाव कुठेच नाही.

तिने सभासदत्वाचं कार्ड चार तुकडे करून परत पाठवलं. फूट, अंश आणि हॉपची मात्रा यांचं स्वतःचं कोष्टक लिहून किराणा दुकानाच्या फळ्यावर लावलं. वरच्या गावांतले लोक ते उतरवून नेऊ लागले.

उन्हाळ्यात ड्वाइट दारात हजर. "क्लब पुस्तिका काढतोय. तुमचं कोष्टक मिळालं तर..."

"नाव छापणार?"

"अर्थात."

छापलं. आडनाव चुकवून.

व्हर्नाने टेलिफोन जवळ ओढला आणि ड्वाइटचा नंबर फिरवला.