आईच्या वाट्याचं मत

सिडनीच्या पॅरामॅटा भागातल्या आमच्या ऑफिसात एकच प्रिंटर धड चालतो, त्यामुळे सगळ्यांचे कागद त्याच्या ट्रेमध्ये एकमेकांत मिसळतात. अमेरिकेच्या निवडणुकीला महिनाभर असताना एका सकाळी माझ्या रिपोर्टच्या मधोमध मला चक्क मतपत्रिका सापडली. राष्ट्राध्यक्षपदाची, खरीखुरी, नावांशेजारी रिकाम्या गोलांसकट. मी ती हातात धरून बघत बसले, तेवढ्यात शेजारच्या डेस्कवरची मैत्रीण धावत आली. मतपत्रिका तिची होती.

ती मूळची पोर्तो रिको बेटावरची. लहानपणी आईबरोबर पेनसिल्व्हेनियात गेली, तिथेच वाढली आणि मग ऑस्ट्रेलियन नवऱ्यामुळे सिडनीकर झाली. मतपत्रिका तिला ईमेलने येते, पण तिच्या राज्याला ती भरून टपालानेच परत लागते, असं तिने सांगितलं. एवढ्यावर गप्प बसेन तर ती मी कसली!

आमच्या पुण्याच्या घरात उमेदवाराचं आडनाव कळलं की चहा संपायच्या आत निकाल सांगायची पद्धत होती. कुठल्या पेठेत कुणाची गठ्ठा मतं, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं असावं. त्यात महिनाभर अमेरिकन चॅनेल बघून मी स्वतःला जाणकार समजायला लागले होते. तिथले विश्लेषकही आमच्या घरच्यांसारखेच बोलत होते: लॅटिनो, म्हणजे तिच्यासारखे मूळचे स्पॅनिशभाषक मुलखातले लोक, इकडे वळले, लॅटिनो तिकडे सरकले.

"तुमचं बरं आहे," मी म्हटलं. "लॅटिनोंची गठ्ठा मतं. सगळी यंदा उभ्या असलेल्या बाईंनाच जाणार."

"माझ्या आईने हे ऐकलं तर तुला चपलेने मारेल," ती म्हणाली. "ती पक्की दुसऱ्या बाजूची आहे."

मी खजील झाले. दोनच आठवड्यांपूर्वी ब्लॅकटाउनच्या गणपतीच्या कार्यक्रमात कुर्ता घालून आलेला एक स्थानिक नेता आम्हा सगळ्यांना 'इंडियन व्होट' म्हणाला, तेव्हा सगळ्यात जास्त मीच भडकले होते. आमच्या एका टेबलावरच तीन पक्ष होते, आणि त्यातल्या दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद होतं. मला तर अजून इथे मतच नाही. आणि आता मीच एका अख्ख्या समाजाला गठ्ठ्यात बांधून मोकळी झाले होते.

लंचला तिने सगळं सांगितलं. रिटायर झाल्यावर तिची आई बेटावर परत गेली. बेटावरचे लोक अमेरिकेचे नागरिक, पण तिथे राहायला गेलं की राष्ट्राध्यक्षाला मत देता येत नाही.

"थांब," मी म्हटलं. "तू इथे सिडनीत बसून देऊ शकतेस, आणि आई अमेरिकेच्याच बेटावर राहून नाही?"

"येस. वेलकम टू माय कंट्री."

जाताना आई विमानतळावर तिला म्हणाली होती, आता माझ्या वाट्याचं मतही तूच टाक. तेव्हापासून दर वेळी दोघी फोनवर बसून ठरवायच्या आणि मग ही गोल भरायची. आधीच्या दोन्ही वेळा दोघींचं एकमत होतं. या वेळी आई म्हणत होती, महागाई बघ. ही म्हणत होती, तुझा उमेदवार आपल्या लोकांबद्दल काय बोलतो ते ऐक. आपण नागरिक आहोत, तो बेकायदा येणाऱ्यांबद्दल बोलतो, आपल्याबद्दल नाही, असं आईचं उत्तर. कागद एकच आणि मालकिणी दोन.

मी लगेच तोडगा काढला. "मतदान गुप्त असतं ना? तुला हवं ते भर आणि तिला हवं ते सांग. मी दर चतुर्थीला आईला उपास केला म्हणून सांगते आणि बर्गर खाते."

तिने हातातला डबा खाली ठेवला. "तिच्याकडे मत नाही. त्यात मी तिच्याशी खोटंही बोलू?"

मला माझीच लाज वाटली. त्यानंतर दोन दिवस मी तिला एकही सल्ला दिला नाही. माझ्यासाठी हा विक्रमच म्हणायचा.

तिसऱ्या दिवशी तिने मला सकाळी आठलाच ऑफिसच्या किचनमध्ये बोलावलं. आईला फोन लावायचा होता आणि तिला एकटीने तो लावायचा नव्हता. तिने ठरवलं होतं, बाकी सगळं भरायचं आणि राष्ट्राध्यक्षाची जागा कोरी सोडायची. म्हणजे कुणाचंच मन मोडणार नाही. फोन स्पीकरवर होता, बोलणं स्पॅनिशमध्ये. मला एक शब्द कळत नव्हता, पण आई ओरडते आहे हे कळायला भाषा लागत नाही. आई काय म्हणाली ते तिने नंतर सांगितलं: "मला ते मत देऊ देत नाहीत म्हणून माझी जागा कोरी. तुझी कुणी कोरी ठेवली? पेन घे. तुझ्या मनात आहे ते भर."

तिने डोळे पुसले आणि गोल भरला. कुणापुढचा भरला तेही आईला सांगितलं. मग आई एवढंच म्हणाली, "पाकीट नीट चिकटव." फोन बंद झाला. आम्ही दोघी चालत पोस्टात गेलो.

निकाल लागला. आईची बाजू जिंकली. चॅनेलवर पुन्हा लॅटिनोंची वाटणी सुरू झाली, तेव्हा मी टीव्ही बंद केला. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात मैत्रिणीचा फोन वाजला, आईचाच. आता ही बिचारी टोमणे ऐकणार, असं मला वाटलं. ती खिडकीपाशी जाऊन बोलली आणि परत येऊन खुर्चीत बसली.

"काय म्हणाली?"

"निकालाबद्दल काहीच नाही. आधी विचारलं, तुझं मत पोचलं का. मी वेबसाइटवर बघितलं होतं. पोचलं, नोंदलं गेलं, असं सांगितलं."

"मग?"

"मग रडली. म्हणाली, चला, आपल्या घरातलं एक तरी मोजलं गेलं."