पार्बताबाईचा अंगठा आन् पंचायतचा नवा लॅपटॉप

आमच्या पंचायतच्या ओट्यावर किस्से कसे साचतेत सांगू? बोडीतल्या, म्हनजे गावच्या लहान तलावातल्या गाळावानी! उन्हाळ्यात टोपल्या-टोपल्या काढून बांधावर फेका, पुढच्या उन्हाळ्यात पाहा तं तेवढाच. कोनी आनून टाकत नाही, आपोआप येते.

मी तिथं चपराशी होतो. रिटायर झालो, पन पाय अजून सकाळी तिकडंच वळतेत. शाळा म्हनाल तं तिसरीपर्यंत, तेबी मास्तरच्या चपला लपवाले जात होतो. म्हनून जसं बोलतो तसंच लेहून राह्यलो, चुका काढू नका. गाव आंबागडच्या किल्ल्याच्या मागल्या अंगाले हाय. नाव नाही सांगत. नाव सांगतलं का लोक म्हनतेत, बुढ्यानं गावाची इज्जत काढली. जशी काही मी काढाच्या आधी ढीगभर होती!

तं मागच्या साली पंचायतमंधी नवा लॅपटॉप आला. हे सारं त्या एका लॅपटॉपचं.

*

आला त्या दिवशी ग्रामसेवकसाहेबानं पूजा केली. आमच्याकडं ट्रॅक्टर घ्या, मोटारपंप घ्या, शिलाई मशीन घ्या, हळद-कुंकवाबिगर कोनी बटन दाबत नाही. साहेबानं नारळ फोडला, वल्लं कुंकू बोटावर घेतलं आन् झाकनावर स्वस्तिक काढाले गेला. ऑपरेटर वंदना ओरडली, "साहेब, वर नका काढू, खराब दिसते!" मंग साहेबानं लॅपटॉप पालथा केला आन् बुडाले काढला. चांगला तळहाताएवढा!

चालू केला, तं इंटरनेट काही लागे ना. वंदना म्हने, "काकाजी, याच्यात वायफायचा ड्रायवर नाही."

"तो काय राह्यते?"

"लॅपटॉप आन् वायफायची ओळख करून देनारा मधला मानूस समजा. त्याले इंटरनेटवरून आनाव लागते."

"मंग आन."

"इंटरनेट कुठं हाय?"

"काहून नाही?"

"ड्रायवर नाही म्हनून!"

मी म्हनलं, "पोरी, हे तं सरकारी झालं. दाखल्यासाठी अर्ज पाह्यजे, आन् अर्जासाठी दाखला!"

कोनीच हसलं नाही. ओट्यावर पार्बताबाई बसून होती ना.

पार्बताबाई आमच्या मोहल्ल्यातली. सत्तरी कधीच पार झाली, नवरा नाही, एकटीच राह्यते. सरकारकडून निराधारचा पगार येते, त्याच्यावर चूल पेटते. पन दर साली थंब मशीनवर अंगठा ठेवून सांगाव लागते, का मी जिवंत हाय. अंगठा लागला तं पगार चालू, नाही तं बंद. जुना कम्प्युटर उंदरानं खाल्ला होता, आन् नव्याचं हे असं. पगार बंद झाला तं बुढीले जवाहरनगरले जाव लागन, पोरीकडं. जावई फॅक्टरीत हाय, दोन खोल्यायचं क्वार्टर. मानूस चांगला हाय, पन जुन्या बायका पोरीच्या घरी मुक्काम करत नाहीत.

"उपाशी राहीन बावा," ती म्हने, "पन जावयाच्या दारात ताट घेऊन नाही बसत."

अंगठ्याची शेवटची तारीख जाले पंधरा दिवस होते.

*

वंदनानं कंपनीले फोन लावला. तिकडून गोड आवाजाचा मानूस बोलला, "मैम, एक बार रीस्टार्ट कीजिए." केलं. "एक बार और कीजिए." आनखी केलं. सात वेळा झालं. मी म्हनलं, "एवढ्या वेळा तं आमचा सरपंच बी पार्टी बदलत नाही!"

मंग तो म्हने, "मैम, लैपटॉप के नीचे स्टिकर है, उसपे नंबर होगा. वो बताइए."

वंदनानं लॅपटॉप पालथा केला. साहेबाचा स्वस्तिक! बरोब्बर स्टिकरवर. वाळून कडक झाला होता. साहेबानं थुंकी लावली, जमलं नाही. मंग भांडे घासाची घासनी आनली. घासलं, घासलं. कुंकू बी गेलं आन् नंबर बी गेला.

फोन मी घेतला. "साब, नंबर भगवान को प्यारा हो गया."

"सर, बिना नंबर के हम ड्राइवर नहीं दे पाएंगे. और कोई सहायता कर सकता हूँ?"

पार्बताबाईनं इचारलं, "काय म्हनते बावा तो?"

मी म्हनलं, "म्हनते, लॅपटॉपजोळ स्वतःचा दाखला नाही."

"मंग याचा बी पगार बंद होईन," बुढी बोलली.

*

शेवटी भंडाऱ्याहून इंजिनियर आनला. डोळ्यावर चष्मा, कानात वायर, पेनड्राइव्हची माळ. म्हने, "सारं फॉरमॅट मारतो." मारला. वायफाय चालू झालं! साहेबानं टाळ्या वाजवल्या. इंजिनियर खुशीत येऊन म्हने, "आता स्क्रीनचा बी नवा ड्रायवर टाकून देतो, फ्री."

टाकला, आन् स्क्रीन उलटी झाली! अक्षरं डोक्यावर उभे. त्यानं बटनं दाबून पाह्यली, काही होये ना. "उद्या येतो," म्हने, आन् गाडीले किक मारून गेला.

साहेबाले जिल्ह्याले माहिती पाठवाची होती. काय करन? लॅपटॉप उलटा करून भितीले टेकवला. स्क्रीन खालतं, कीबोर्ड वरतं. वंदना हात वर करकरून टाइप करे, जशी काही वरच्या फळीवरचा चिवड्याचा डबा शोधून राह्यली.

मी बाहेर जाऊन दोन मेंबरायले सांगतलं, "नवा नियम आला, आता साऱ्या गावाचे काम असेच होनार. घरी जाऊन दोन्ही हात वर कराची प्रॅक्टिस करा!" एकानं केली बी! त्याच्या बायकोनं मले दुसऱ्या दिवशी रस्त्यात गाठलं. काय बोलली ते नाही लेहत.

बुढी तेव्हाबी आली होती. तिनं भितीजोळचा लॅपटॉप पाह्यला, कमरेवर हात ठेवला आन् म्हने, "हा बी थकला वाटते."

*

आता हा किस्सा माहा हाय. हसत हसत सांगाले बसलो होतो, पन सांगूनच टाकतो.

इंजिनियर चार दिवसानं फिरून आला. स्क्रीन सुलटी केली, थंब मशीनचा ड्रायवर टाकला, सारं झक्कास. जाता जाता म्हने, "मॅडम, लॅपटॉपले बी अंगठ्याचं कुलूप हाय. कोपऱ्यातल्या या बटनावर बोट ठेवा, दुसऱ्या कोनाले उघडनार नाही."

वंदना पदराले हात पुसून राह्यली होती. तेवढ्यात मी माहा अंगठा ठेवून दिला! इंजिनियरचं ध्यान मोबाइलमंधी. "झालं," म्हने. नंबरचं जे कुलूप होतं, तेबी त्यानंच टाकलं, आन् तो नंबर कोनाले न सांगता गेला.

दुसऱ्या दिवशी वंदना अंगठा घासून घासून परेशान. मी ओट्यावरून म्हनलं, "आधी चहा सांग, मंग उघडते." चहा आला, मी अंगठा ठेवला, टनकन उघडला! साहेब म्हने, "अबे बुढ्या, तू रिटायर झाला का आता साहेब झाला?" चार दिवस रोज फुकटचा चहा पेलो. बुढी तेवढे दिवस तापानं घरीच होती. वंदना रोज म्हने, "काकाजी, बदलून द्या ना." मी म्हनो, "उद्या."

मंग चिखला गावाले साळ्याकडं लगन निघालं. गेलो. दोन दिवस राह्यलो. मटन होतं, मंग तिसराबी राह्यलो. अंगठ्याची याद बी आली नाही.

वापस आलो तं वंदना माह्याशी बोले ना. साहेबानं सांगतलं. बुढी दोन दिवस सकाळपासून सांजवेळपर्यंत ओट्यावर बसून होती. थंब मशीन तयार, वायफाय तयार, बुढी तयार. लॅपटॉप बंद. वंदनानं इंजिनियरले फोन लावले, लागला नाही. मले लावले, तं लगनाच्या डीजेत मले कुठचे आयकू येतेत! दुसऱ्या दिवशी तारीख संपली.

मी बुढीच्या घरी गेलो. सारं सांगतलं. म्हनलं, चार शिव्या देईन, मोकळा होईन.

तिनं माहा अंगठा हातात घेऊन उलटून-पालटून पाह्यला. म्हने, "भाऊ, तुहा तं लागते ना?"

"लागते."

"बरं हाय मंग," म्हने, आन् चुलीजोळ निंगून गेली.

तेव्हापासून त्या लॅपटॉपले मी हात नाही लावला. कुलूप बी बदलून घेतलं.

*

तारीख वाढली. सरकारच्या मनात आलं का वाढते. बुढी फिरून आली, वंदनानं लॅपटॉप उघडला, आन् स्क्रीन निळी झाली. मधात गोल गोल फिरनारं चक्कर. खालतं लेहलं होतं, का अपडेट होऊन राह्यलं, बंद करू नका.

एक घंटा झाला. चक्कर फिरून राह्यलं. तेवढ्यात लाइन गेली! बॅटरी आधीच अर्धी. साहेब घामानं वल्ला. मंडपवाल्याची इन्व्हर्टरची बॅटरी हातगाडीवर घालून आनली, वायर जोडली. आठ-दहा मानसं लॅपटॉपच्या भवताल अशी बसली, जसा कोनी आजारी मानूस खाटेवर हाय.

सांजीले चक्कर थांबलं. वंदनानं थंब मशीन लावली. लाइटच लागे ना. अपडेटनं ड्रायवरच उडवला होता!

मी म्हनलं, "नवं आलं म्हनून जुन्याले घराबाहेर काढलं. घरोघरी तेच चालू हाय, हा काय वेगळा करन?"

बुढी उठली, लुगडं झटकलं. "उद्या येऊ का पोरी?"

वंदनानं मान हालवली. डोळे पुसाले ती मागच्या खोलीत गेली, ते मी पाह्यलं.

*

वंदनानं जुन्या इंजिनियरचा नाद सोडला. स्वतः मोबाइलवर पाहून पाहून ड्रायवर शोधला, तीन दिवस लागले. चालू झाला! साहेबाचा अंगठा ठेवला, हिरवा. सरपंचाचा ठेवला, हिरवा. माहा ठेवला, हिरवा. मशीनवर प्रसाद वाटाचंच बाकी होतं.

बुढीचा ठेवला. लाल.

फिरून ठेवला. लाल. डावा ठेवला, लाल. साहेब म्हने, "ड्रायवर बरोबर नाही." वंदनानं काढून फिरून टाकला. लाल. साबनानं हात धुतले, लाल. केसावर घासून तेल लावलं, लिंबू लावलं, पावडर लावली. लाल, लाल, लाल. साहेबानं ड्रायवरले शिव्या देल्या, मशीनले देल्या, इंजिनियरच्या खानदानाले देल्या.

मंग वंदनानं बुढीचा हात उजेडात धरला. मीबी वाकून पाह्यलं. चाळीस-पन्नास साल लोकायच्या धानाच्या बांध्यात रोवना केला, चिखलात परे, म्हनजे धानाचे रोपं, खोसले, पावसाळा संपला का घरी बसून बिड्या वळल्या. अंगठ्यावर रेषाच नव्हत्या. घासलेल्या पाट्यावानी गुळगुळीत.

त्या अंगठ्याचा ड्रायवर कोनत्या पेनड्राइव्हमंधी राह्यते?

बुढी म्हने, "काहून, बिघडली का मशीन?"

वंदना म्हने, "हो आजी. मशीनच बिघडली."

*

बुढीचा पगार चालू झाला का, ते आधीच सांगून देतो. नाही झाला. दोन महिने शेजारी-पाजारी भाजी-भाकर देत होते. मंग जावई स्वतः आला, घराले कुलूप लावलं आन् घेऊन गेला. ती जवाहरनगरले क्वार्टरात राह्यते आता. पोरगी म्हनते, माय एका टाइमालेच जेवते आन् ताट स्वतःच धुते, कोनाले हात लावू देत नाही.

पन जायच्या आधी मी तिले घेऊन तालुक्याच्या ऑफिसात गेलो होतो. ते सांगतो आन् उठतो.

तिथं बी नवा लॅपटॉप, तिथं बी थंब मशीन. तिथला साहेब शिकलेला, पुस्तकातलं बोलनारा. त्यानं बुढीले खुर्ची देली, अंगठा ठेवाले लावला. लाल. डोळ्याची मशीन लावली, तं बुढीच्या डोळ्यात मोतीबिंदू, तेबी लाल. साहेबानं लॅपटॉप बंद करून चालू केला, वायर काढून लावली. लाल.

मी म्हनलं, "साहेब, बाई तुमच्या समोर बसली हाय."

साहेब म्हने, "मला दिसतंय हो काका. पण सिस्टीममध्ये त्या हयात नाहीत. मी काय करू?"

"हयात नाही म्हनजे?" बुढीनं मले इचारलं.

मी सांगतलं.

तेवढ्यात चपराशानं साहेबाचा चहा आनून टेबलावर ठेवला. कपबशी होती, चांगली फुलाची. बुढीनं ती आपल्याकडं वढली. बशीत चहा वतला. फुर्र करून पेली. फिरून वतला, फिरून पेली. कप खाली होयेपर्यंत पेतच राह्यली.

साहेब म्हने, "अहो आजी, तो माझा चहा होता!"

बुढीनं पदरानं बशी पुसली, कप बरोबर मधात ठेवला आन् साहेबाच्या म्होरं सरकवला.

"मंग लेहा ना बावा त्याच्यात," ती म्हने, "का एक मेलेली बाई आली होती, आन् साहेबाचा चहा पेऊन गेली."