व्हर्नियरने मोजलेल्या भाकऱ्या

एका टेबलावर बारा-पंधरा वर्षं डबे उघडले की किस्से साठतातच, कुणी ते मुद्दाम जमवत नाही. माझ्याकडचे निम्मे किस्से मात्र एकाच वर्षातले आहेत, आणि त्या वर्षी हसं माझंच होत होतं. आता सांगायला मजा येते. तेव्हा येत नव्हती.

आमचा कारखाना अंबरनाथला. टूलरूममध्ये आम्ही तिघं एकत्र जेवायचो. मी, चिखलोलीचा फिटर भोईर आणि स्टोअर सांभाळणारा हासानंद. हासानंद वयाने मोठा म्हणून त्याला सगळे दादा म्हणायचे. तो सिंधी, उल्हासनगरचा. मीही उल्हासनगरचाच, कॅम्प पाचला राहायचो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझ्या बायकोला, सुमनला, नाशिकला नर्सिंगच्या कोर्सला प्रवेश मिळाला. जूनपासून दीड वर्ष हॉस्टेलवर राहायचं होतं. घरात आम्ही तिघंच, सुमन, मी आणि माझे वडील. आबा मूळचे नगरकडचे, मुंबईच्या गिरणीतून रिटायर झालेले. शिक्षणाला त्यांनी जन्मात विरोध केला नाही. पण दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी हवी आणि ती घरात थापलेली हवी, यावर ते अडून बसले.

"तिनं शिकावं," आबा म्हणाले, "पण माझ्या पोटाचे हाल करून नको. दिवाळीपर्यंत बघतो. नाही जमलं, तर सुट्टीला आल्यावर तिला परत पाठवायची नाही."

सुमनने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "भाकरी मी करीन." तोवर मी घरात चहासुद्धा केला नव्हता.

*

पहिल्या आठवड्यातली भाकरी मी डब्यात नेली. ती मधे जाड, कडेला पातळ, आणि एका बाजूने फाटलेली होती. भोईरने ती उचलली, उलटसुलट केली आणि खिशातून व्हर्नियर काढला. लोखंडाच्या तुकड्याची जाडी मोजायचं आमचं हत्यार ते.

"मधी नऊ मिलिमीटर," तो म्हणाला. "कडंला तीन. टॉलरन्स किती धरलंस रं?" टॉलरन्स म्हणजे मापात चालणारी फरकाची सूट.

आमच्याकडे नापास मालाला लाल टॅग बांधायची पद्धत होती. भोईरने ड्रॉवरमधून टॅग काढला, त्यावर 'रिजेक्ट' लिहिलं आणि माझ्या डब्याच्या कडीला अडकवला. अख्खी टूलरूम येऊन बघून गेली.

मला राग आला, पण दुसऱ्या दिवशी मी पुन्हा भाकरी नेली आणि स्वतःच त्याच्यापुढे ठेवली. म्हटलं, "मोज." त्यानंतर रोज जेवणाआधी भाकरी मोजायचा कार्यक्रम सुरू झाला. चार महिने मी लाल टॅग घेऊन घरी जात होतो.

*

दादाला माझी दया यायची. त्याने एकदा माझ्या भाकरीचा तुकडा मोडून खाल्ला आणि गंभीरपणे म्हणाला, "अरे साईं, ये तो कोकी है. तू फुकट शरमतोस."

कोकी म्हणजे सिंध्यांची कांदा, मिरची घातलेली जाड रोटी. अर्धी भाजायची, पुन्हा लाटायची, पुन्हा भाजायची. जाडच हवी, हे ऐकून मला एकदम मोकळं वाटलं. दादाच्या बायकोने कृती सांगून पाठवली आणि मी रविवारी सकाळी आबांना गरमागरम कोकी वाढली. वर तुपाचा थेंब, बाजूला दही.

आबांनी ती दोन्ही हातांनी मोडायचा प्रयत्न केला.

"हे काय आहे?"

"कोकी. सिंधी पदार्थ आहे."

"भाकरी जमेना म्हणून नाव बदललंस होय?" आबा म्हणाले, आणि दही तेवढं खाल्लं.

*

ऑगस्टमध्ये माझा धीर सुटला. अंबरनाथ पश्चिमेला स्टेशनजवळ एक खानावळ होती. तिथली मावशी भाकरी इतकी सुरेख करायची की मी नुसत्या ठेच्याबरोबर तीन खायचो. एका संध्याकाळी कामावरून सुटल्यावर मी तिच्याकडून चार भाकऱ्या फडक्यात बांधून घेतल्या. घरी आलो, स्टोव्ह पेटवला, तवा तापवला, परातीत पीठ उधळलं, थोडं कपाळालाही लावलं. मग भाकऱ्या गरम करून ताटात ठेवल्या.

आबांनी एक घास घेतला.

"कुठून आणल्यास?"

"मीच केल्या."

"या बाईमाणसाच्या हातच्या आहेत."

"कशावरून?"

"गोल आहेत."

भाकऱ्या त्यांनी चारही संपवल्या, ही गोष्ट वेगळी. पण जेवण झाल्यावर हात धुताना म्हणाले, "दिवाळीला अडीच महिने राहिलेत." मला त्या वेळी स्वतःचीच लाज वाटली. सुमन तिकडे इंग्रजीतली औषधांची नावं पाठ करत होती आणि मी इकडे कपाळाला पीठ लावत होतो. त्यानंतर मी खानावळीतून एकही भाकरी घरी आणली नाही. स्वतः तिथे बसून खाल्ल्या, ते मोजत नाही.

*

एक रविवार तरी स्वयंपाकातून सुटका व्हावी म्हणून मी आबांना दाल-पकवान खायला घेऊन गेलो. दादाच्या ओळखीची गाडी होती. कुरकुरीत, मोठी, पुरीसारखी पकवानं, त्यावर घट्ट चणाडाळ, चिंचेची चटणी, चिरलेला कांदा. जाताना आबा कुरकुरत होते, की सकाळी सकाळी तळलेलं कोण खातं, ही काय माणसाची न्याहारी आहे.

पहिली प्लेट त्यांनी न बोलता खाल्ली. दुसरी मागून घेतली. तिसरीला गाडीवाल्याला विचारलं, "डाळीला फोडणी कशाची देता?" तोही खूश झाला, सगळं सांगितलं. मी मनात म्हटलं, आता दर रविवारी इथे यायचं, माझा एक दिवस सुटला.

घरी येताना आबा प्रसन्न होते. दाराचं कुलूप काढता काढता म्हणाले, "लक्ष देऊन ऐकलंस ना? पुढच्या रविवारी घरी कर."

*

सप्टेंबर संपत आला तरी भाकरी फाटतच होती. थापताना बरी असायची, तव्यावर टाकायला उचलली की कडेने तडे जायचे. पाणी कमी केलं, जास्त केलं, गरम केलं, गार केलं. वहीत सगळं लिहून ठेवलं. भोईर ती वही वाचायचा आणि मान हलवायचा. शेवटी तोच म्हणाला, "रविवारला घरा ये. माझ्या आयेला दाखव."

चिखलोलीला तेव्हा शेतं होती. भोईरची आई ओटीवर तांदूळ पाखडत होती. मी पिशवीतून माझं पीठच घेऊन गेलो होतो. तिने मला चुलीपुढे बसवलं आणि थापायला सांगितलं. माझी भाकरी नेहमीप्रमाणे फाटली. तिने परातीतलं चिमूटभर पीठ दोन बोटांत चोळलं.

"पीठ कवाचा हाय रं?"

मी अभिमानाने सांगितलं. महिन्याला किती ज्वारी लागते ते दादाने काढून दिलं होतं. मी दर पहिल्या रविवारी गिरणीत जाऊन अख्ख्या महिन्याचं पीठ एकदम दळून आणायचो. डब्यांवर तारखा टाकल्या होत्या. जुना माल आधी संपवायचा, नवा मागे ठेवायचा, हा आमच्या स्टोअरचा नियम मी घरात लावला होता.

म्हातारी माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने मुलाकडे पाहिलं.

"तुमच्या कारखान्यात सगली अशीच हायेत का?"

ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याचा चिकटपणा जातो. त्याला विरी गेली म्हणतात. तसल्या पिठाची भाकरी कुणालाच जमत नाही. हे प्रत्येक घरातल्या बाईला माहीत असतं, आणि आम्ही तीन कुशल कामगार चार महिने व्हर्नियर घेऊन बसलो होतो! मी त्या दिवशी तिच्यापुढे ताज्या दळलेल्या ज्वारीच्या पिठाच्या बारा भाकऱ्या थापल्या. तिने एकदाही शाबास म्हटलं नाही, नुसतं "आजून एक" म्हणत राहिली. हात भाजला, मनगटं भरून आली. बारावी भाकरी तव्यावर फुगली तेव्हा मला रडू आलं, ते मी धुरावर ढकललं.

सोमवारपासून मी दर तिसऱ्या दिवशी दोन किलो दळून आणायला लागलो. त्याच आठवड्यात भोईरने भाकरी तीन ठिकाणी मोजली, दादाच्या हातात व्हर्नियर देऊन पुन्हा मोजून घेतली, आणि माझ्या डब्याला हिरवा टॅग बांधला. आबा मात्र घरी काहीच बोलत नव्हते. ताटात पडेल ते खात होते. बरं झालंय का विचारलं तर म्हणायचे, "दिवाळी कुठे आलीय अजून?"

*

दिवाळीला सुमन आली. हडकली होती. वहिनीसाहेब आल्या म्हणून शेजारणी भेटून गेल्या. तिने बॅग कोपऱ्यात ठेवली, पण उघडली नाही. परत जायचं की नाही, हे तिलाही माहीत नव्हतं.

दुपारी तिने सवयीने पदर खोचला, परात पुढे ओढली आणि पिठात पाणी घातलं. मी दाराशी उभा राहिलो. भाजी, ठेचा वाढून झाला होता. आबा भिंतीला टेकून ताटावर बसले होते आणि तिच्या हातांकडे बघत होते. तिने पहिला गोळा हातात घेतला.

"सुमन," आबा म्हणाले.

तिचे हात थांबले.

"सुट्टी कधी संपते?"

"सोमवारी, आबा."

आबांनी स्वतःचं ताट डावीकडे सरकवलं. तांब्या उचलून पलीकडे ठेवला. मग शेजारची मोकळी झालेली जागा हाताने झाडली.

"मग ते ठेव खाली आणि इथे ये जेवायला. भाकऱ्या तो थापेल."

ती माझ्याकडे बघायला लागली. मी तिच्या हातातला गोळा घेतला आणि परातीपुढे बसलो. तव्यावरून पहिली भाकरी तिच्या ताटात गेली, दुसरी आबांच्या. मग सुमनने पाठ न वळवता हात मागे केला आणि तिसरी मागितली.